धबधब्याचा पडदा

मामा, तू गेलास आणि आपलं भांडण माझ्या एकटीच्या गळ्यात टाकून गेलास. भांडायला दोघं लागतात, एवढा तरी विचार करायचा होतास.

परवा तुझं दहावं झालं. नदीवरून आल्यावर घरात माणसं बसली होती. बाजारपेठेतला एक कापडदुकानदार मामीला सांगत होता, "आता सगळीकडं फ्लेक्स आले, वहिनी. पण रघुनाथरावांच्या हातची पाटी मी उतरवली न्हाई. असं अक्षर आता व्हायचं न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. नगरला तुला पाट्या रंगवणारा म्हणूनच लोक ओळखतात आणि ते खरंच आहे, आयुष्यभर तू तेच केलंस. पण त्या माणसांत बसून मला सारखं वाटत होतं की उठावं आणि सांगावं, अहो, हा माणूस आधी पाट्या रंगवत नव्हता. हा आधी पाणी रंगवायचा.

शेवटच्या भेटीत तू मला म्हणालास, "खोटं बोलतीस, सुमे." आणि भिंतीकडं तोंड करून पडलास. मी खोटं बोलत नव्हते. पण माझी संगमनेरची गाडी होती, मामी औषध घेऊन आली होती, तुला खोकल्याची उबळ आली होती. म्हटलं, पुढच्या खेपेला सगळं नीट, पहिल्यापासून सांगेन. पुढची खेप ही अशी झाली. तर आता ऐक. मधे उठून जायची तुझी सवय होती, आज तेवढं तरी नाही.

तू मला नगरला नेलंस ते बहात्तरच्या दुष्काळात. दुष्काळ लागून वर्ष होत आलं होतं आणि पुढचा उन्हाळा तोंडाशी येऊन बसला होता. पारनेर तालुक्यातलं आपलं ते गाव, एरवीही पाण्याचं नाव जपून घेणारं. त्या वर्षी विहिरींचे तळ दिसत होते आणि बायका नदीच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं गढूळ पाणी घागरीत भरत होत्या. अण्णा आणि आई दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. दुपारी तिथं पोरांना सुकडी खायला मिळायची, म्हणून मीही जायचे.

बाळू त्याच पावसाळ्यात गेला होता, जो पावसाळा आलाच नाही. माझा धाकटा भाऊ, अजून धड रांगतही नव्हता. हगवण लागली आणि दोन दिवसांत संपला. पाणी बाधलं, असं सगळे म्हणाले. दुसरं पाणी कुठं होतं?

तू यष्टीनं आलास तेव्हा मी ओट्यावर बसले होते. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि थेट आत गेलास. आई चुलीपुढं बसली होती, चूल विझलेली होती. "ताई," तू म्हणालास. आई म्हणाली, "बस. च्या ठेवते." आणि उठली नाही.

ती बोलत नव्हती असं नाही, मामा. कामापुरतं बोलायची. घागर घे. दार लाव. कामावर सगळ्यांच्या आधी जायची. रडली मात्र नव्हती. बाळूला पुरून अण्णा परत आले तेव्हा नाही आणि नंतरही नाही. शेजारच्या बायका आपसात म्हणायच्या, "रडली न्हाई तर याड लागंल तिला." जेवायला बसायची ती आमच्यासाठी. भाकरीचा तुकडा मोडायची, हातात धरून ठेवायची आणि मग गुपचूप माझ्या ताटात सरकवायची. मला ते कळायचं. मी तो तुकडा खायचे, कारण मला भूक असायची.

संध्याकाळी तू अण्णांना म्हणालास, "दाजी, पोरीला चार दिवस नेतो. नगरात कलामहोत्सव हाय. नाटकं, सोंगं, रांगोळ्या. माझे पडदे लागणारेत."

अण्णा तुझ्याकडं बघत राहिले. "हितं मानसं पान्यावाचून मरायला लागलीत आन् तिकडं नाचगानी?"

"पोरीनं काय केलंय, दाजी? तिची दशा बघा की."

आईनं आतून एवढंच म्हटलं, "ने."

नगर म्हणजे मला तेव्हा जगाचं दुसरं टोक वाटलं. मामी नवी नवरी होती, माझ्याहून फार मोठी वाटत नव्हती. तुमच्या खोलीबाहेर नळ होता आणि सकाळी थोडा वेळ त्याला पाणी यायचं. भिंतीतून पाणी येतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. मामीनं मला न्हाऊ घातलं आणि डोक्यातून इतकी माती निघाली की ती बिचारी हसावं की रडावं या विचारात पडली.

मग तू मला शेडवर नेलंस. लाकडाच्या वखारीमागं पत्र्याची शेड, आत रंगात घालायच्या उकळत्या सरसाचा उग्र वास. जमिनीवर मांजरपाट शिवून केलेला मोठा पडदा अंथरलेला होता आणि तू अनवाणी त्या पडद्यावर उभा राहून, काठीला बांधलेल्या कुंच्यानं रंगवत होतास. नाटकमंडळ्यांसाठी तू महाल, रस्ता, देऊळ, जंगल असले पडदे रंगवायचास, हे मला आईकडून माहीत होतं. पण हा पडदा काय आहे ते मला कळेना. वर काळे कडे, कड्याच्या तोंडातून काहीतरी पांढरं खाली येतंय, खाली निळं-हिरवं पसरलंय.

"हे काय आहे, मामा?"

तू कुंचा थांबवलास. "धबधबा. पानी हाय ते."

"पाणी पांढरं कसं?"

"पडताना पांढरं, साचल्यावर निळं."

"असं कुठं असतं?"

"आपल्याच जिल्ह्यात. तिकडं अकोले तालुक्याच्या अंगाला, रंध्याला. नाटक कंपनीबरोबर गेल्तो तवा बघितलं. कानठळ्या बसत्यात आवाजानं." मला ते पटलं नाही. आपल्याच जिल्ह्यात इतकं पाणी असतं तर आपल्याकडं का येत नाही, असं मी विचारलं. तू माझ्या हातात बारका ब्रश दिलास आणि म्हणालास, "ह्या कोपऱ्यात फेस टाक. असे ठिपके. भिऊ नको, चुकलं तर मी हाय."

पुढं मी चित्रकलेची शिक्षिका झाले, पस्तीस वर्षं पोरांच्या हातात ब्रश दिले. निरोपाच्या दिवशी शाळेत सगळ्यांनी भाषणं केली, मी कुणाची विद्यार्थिनी वगैरे. खरं उत्तर त्या शेडमध्ये होतं आणि तू त्या समारंभाला शेवटच्या रांगेत बसून पेंगत होतास.

महोत्सव नगरातल्या एका शाळेच्या मोठ्या मैदानात होता. मी तुझं बोट धरून चार दिवस हिंडले. एका खोलीएवढी रांगोळी पाहिली. तिच्यातल्या मोराच्या पिसाऱ्यावरून एक चिमणी चालत गेली आणि रांगोळी काढणारी बाई तिला हाकलायचं सोडून हसत बसली. एक बहुरूपी फौजदाराच्या वेषात आला आणि माझ्यावर खेकसला, "पळून आलीस व्हय घरातनं?" मी इतकी घाबरले की तुझ्या धोतराच्या सोग्यात शिरले, आणि मग त्यालाच वाईट वाटून त्यानं मिशी काढून दाखवली. लेझीम पाहिलं. संबळ ऐकला. तू मला गारीगार घेऊन दिलंस. पहिल्या चाटण्याला माझ्या जिभेला चटका बसला. अर्धं खाल्लं आणि उरलेलं आईला न्यायचं म्हणून फ्रॉकच्या खिशात ठेवलं. थोड्या वेळानं खिशात फक्त काडी आणि गोड ओल. मी रडायला लागले. तू मला दुसरं घेऊन देत होतास, पण मला दुसरं नको होतं, मला आईला न्यायचं होतं. तू माझ्यासमोर उकिडवा बसलास आणि म्हणालास, "ताईला हितंच आनू. मंग झालं?"

तुझा निरोप गावाकडं कुणाबरोबर गेला मला माहीत नाही. पण शेवटच्या दिवशी, बाजाराचा दिवस म्हणून काम बंद होतं, आई मला न्यायला आली. तू असा हरखलास! मांडवात पुढं, मधोमध, सतरंजीवर जागा करून आम्हा दोघींना बसवलंस. "ताई, आज माझा पडदा बघ," म्हणालास. आईनं मान हलवली. तिच्या पायांना वाटेतली धूळ तशीच होती.

दुपारचा कार्यक्रम शाळेतल्या मुलांचा होता, फुकट. म्हणून मांडवात निम्मी माणसं शहराची आणि निम्मी दुष्काळातून कामाला आलेली. शहराबाहेर रस्त्याच्या कडेला जी पालं पडली होती त्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं सावलीला म्हणून येऊन बसली होती. मुलांचं नाटक वनदेवीचं होतं. वनदेवी रुसते, जंगल वाळतं, मुलं तिची समजूत घालतात. वनदेवी झालेली मुलगी मधेच वाक्य विसरली आणि विंगेतून बाईंनी तिला ते इतक्या मोठ्यानं सांगितलं की सगळे हसले. आई हसली नाही.

मग शेवटचा प्रवेश. वनदेवी प्रसन्न होते. मागचा वाळक्या झाडांचा पडदा वर गेला आणि त्याच्यामागं तुझा धबधबा.

मी तो जमिनीवर पाहिला होता. उभा पाहिला नव्हता. मामा, मी इतकी वर्षं चित्रं बघतेय, मुंबईची दालनंही पाहिली. तसं पुन्हा काही बघितलं नाही. सगळ्या मांडवातून एकदम "आगं बाई" असा आवाज निघाला आणि मग काहीच नाही. मुलांनी गाणं म्हटलं, नमस्कार केले, टाळ्या झाल्या, मुलं आत पळाली. शहरातली माणसं उठली. बाकीची उठलीच नाहीत.

ध्वनिक्षेपकावरून एक गृहस्थ सांगायला लागले, "मंडळी, मांडव रिकामा करा, पुढच्या कार्यक्रमाची तयारी करायची आहे." कुणी हललं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा मागून एक म्हातारा म्हणाला, "आवो, घटकाभर बघू द्या की पानी. कुनाचं काय जातंय?"

इथून पुढं आपलं भांडण आहे.

तू विंगेत होतास, हातात पडद्याची दोरी. तुला आमची तोंडं दिसत होती. तू मला नंतर कितीदा सांगितलंस, "त्या मानसांची तोंडं तू बघितली न्हाईस, सुमे. वट सुकल्याले, डोळे लावून बसल्याले. तान्हेल्या मानसाला पान्याचं चित्र दाखवायचं, ही कसली कला? ही थट्टा झाली." आणि मी म्हणायचे, तू फक्त तोंडं पाहिलीस, मी त्यांच्यात बसले होते, मी ऐकत होते. माझ्या उजवीकडची बाई तिच्या जावेला सांगत होती, "आमच्या माहेराला असा वढा हुता, आमी पवायचो त्यात." एक माणूस दुसऱ्याला विचारत होता हे खरंच कुठं आहे का, आणि दुसरा छातीठोक सांगत होता, आहे म्हणून, त्याच्या मावसभावानं पाहिलंय. मागं कुणीतरी पोराला बोट दाखवून शिकवत होतं, "ते बघ, ते पानी." माणसं बोलत होती, मामा. कित्येक महिन्यांनी पाण्याविषयी चांगलं काहीतरी बोलत होती.

"तू आठ वर्षांची हुतीस," तू म्हणायचास. तिथं तुझं उत्तर संपायचं आणि तू चप्पल शोधायला लागायचास.

त्या दिवशी तू थोडा वेळ दोरी धरून उभा राहिलास आणि मग खस्सकन ओढलीस. धबधबा खालून वर गुंडाळत गेला, आधी डोह, मग फेस, मग कडे. त्या म्हाताऱ्यानं उपरणं झटकलं आणि तो उठला. माणसं उन्हात निघून गेली. आम्ही मागं तुला भेटायला आलो तर तू पाठमोरा होतास, सुतळी बांधत होतास. वर न बघता म्हणालास, "ताई, निघा. यष्टी चुकंल." मला वाईट वाटलं. चार दिवस ज्यानं बोट सोडलं नव्हतं तो माझ्याकडं बघतही नव्हता.

त्यानंतर तू पडदा रंगवला नाहीस. विचारलं की म्हणायचास, पडद्यांचे दिवस गेले. गेले नव्हते, मंडळ्या आणखी कितीतरी वर्षं हिंडत होत्या आणि तुझ्या दारी माणसं पाठवत होत्या. तू किराणा दुकानाच्या, सायकलमार्टच्या, शिंप्यांच्या पाट्या रंगवायला लागलास. त्या पडद्याचं काय झालं, तू कधी सांगितलं नाहीस. मामी म्हणते उंदरांनी खाल्ला.

माझ्या शाळेतलं ते प्रदर्शन तुला आठवत असेल. मी हौसेनं तुला संगमनेरला बोलावलं होतं. पोरांनी प्रवरामाई काढली होती, पूर काढला होता, होड्या काढल्या होत्या. तू एकेका चित्रापुढं उभा राहिलास आणि शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालास, "पोरांना पानी काढायला लावू नको."

"मग काय काढायचं, वाळवंट?"

"घरं काढू दे. झाडं काढू दे."

"झाडं पाण्यावाचून येतात का?"

माझ्या मुख्याध्यापकांसमोर आपण दोघं बाजारातल्यासारखे भांडलो. तू न जेवता निघालास. मी स्टँडपर्यंत तुझ्यामागं आले, डबा तुझ्या हातात कोंबला आणि तू तो घेतलास. एवढंच आपलं समजुतीचं बोलणं. मी तुझ्यावर इतकी चिडायचे, कारण मला वाटायचं हा माणूस एका खुळ्या कल्पनेपायी आपला हात वाया घालवतोय. तत्त्वापायी. मला खरंच वाटायचं की ते तत्त्व आहे.

आई गेली तेव्हासुद्धा मला तुझ्या मनातलं कळलं नाही. ती शेवटच्या घटका मोजत होती. अण्णा आधीच गेलेले. कुणीतरी म्हणालं, भावानं पाणी घालू दे तोंडात. तुझ्या हातात वाटी दिली. तू वाटी धरलीस, एक पाऊल पुढं आलास आणि तिथंच थांबलास. पाणी तुझ्या मनगटावर सांडत राहिलं. शेवटी मीच वाटी घेतली. मला वाटलं, म्हातारपण. वाटलं, बहिणीवर जीव होता, नाही बघवत. दर भाऊबीजेला न चुकता यायचास, पाटावर बसायचास, ती ओवाळायची, तू मान खाली घालून ओवाळून घ्यायचास. त्या दुपारचा विषय तुम्हा दोघांत कधी निघाल्याचं मला आठवत नाही.

आणि मग आताची होळी. मी आले तेव्हा तू खाटेवर होतास, हात थरथरत होता, पण तोंड शाबूत होतं. "नगरचं नाव बदललं," म्हणालास. "गावभरच्या पाट्या नव्यानं रंगवायच्या, आन् नेमका आता माझा हात गेला. बघ कसं नशीब." मामी हसली, मी हसले. मग मामी स्वयंपाकघरात गेली आणि मी आपली सवयीनं तुला डिवचलं. म्हटलं, मामा, एक धबधबा काढून दे, थरथरत्या हाताचा जास्त खरा वाटेल. मला वाटलं तू चिडशील. तू चिडला नाहीस.

"लोकांचं सोड, सुमे," तू म्हणालास. "लोकांचं मी तुला उगं सांगत आलो. मी ताईचं त्वांड बघितलं त्या दिशी."

मी खुर्ची खाटेजवळ ओढली.

"तिचं पोर पान्यानं गेलं आन् मी तिला बोलवून आनलं, पुढं बसवली आन् म्हनलं, बघ माझा पडदा. मला धबधबा म्हंजे निस्ता रंग हुता. तिच्याकडं बघितलं तर डोळ्यांतनं धारा. कवाच न्हाई रडली, पोराला मूठमाती देताना न्हाई, आन् मी रडिवली तिला. चारचौघांत. सख्ख्या भावानं."

एवढी वर्षं, मामा. एवढी वर्षं आपण म्हाताऱ्याविषयी, माहेरच्या ओढ्याविषयी, कलेविषयी भांडलो आणि तुझ्या मनात एकच तोंड होतं. मी घाईघाईनं म्हटलं, अरे, पण ती रडली ते बरंच झालं, त्याच दिवशी तिनं पोटभर खाल्लं. तेव्हा तू माझ्याकडं असं पाहिलंस, जणू मी तुझी दृष्ट काढायला मीठमोहऱ्या घेऊन आले आहे. "खोटं बोलतीस, सुमे," म्हणालास. "म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हनून." मग खोकला. मग औषध. मग माझी गाडी.

तर आता जे तू पाहिलं नाहीस ते सांगते.

आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते पडदा दिसल्यापासूनच. आधी तिला स्वतःलाच कळलं नाही. गालावर हात लावून तिनं बोटं पाहिली. मग पदर तोंडात कोंबला आणि मला जवळ ओढून माझ्या कानाशी म्हणाली, "त्याची लंगुटं धुवायला सुदिक पानी न्हवतं गं, सुमे." बाळू गेल्यावर तिनं त्याचं नाव काढलं नव्हतं, त्याच्याविषयी एक शब्द काढला नव्हता. हा पहिला. मग बोलतच राहिली, अगदी हळू, माझ्या केसांत. त्याचं अंग किती तापलं होतं. तो पाणी मागताना जीभ कशी करायचा. ह्यातलं तांब्याभर मिळालं असतं तर. तू दोरी ओढलीस तरी ती बोलत होती. रिकाम्या रंगमंचाकडं बघून बोलत होती.

तू आम्हाला वाटेला लावलंस. आम्ही स्टँडवर आलो. गाडीला वेळ होता. आम्ही भिंतीच्या सावलीला बसलो आणि मामीनं सकाळी माझ्याजवळ दिलेलं गाठोडं आईनं सोडलं. रेशनवरच्या त्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी होत्या आणि शेंगदाण्याची चटणी. आईनं तुकडा मोडला. मी ताटासारखा हात पुढं केला, मला सवय झाली होती. तिनं तो तुकडा स्वतःच्या तोंडात घातला. मग दुसरा. नाक वाहत होतं, डोळे वाहत होते आणि ती खात होती, कितीतरी दिवसांची उपाशी असल्यासारखी. तशी ती होतीच. मधेच तिला माझी आठवण झाली आणि तिनं मला भरवलं. हॉटेलवाल्या पोराकडं जाऊन तिनं स्वतः पाणी मागितलं आणि घटाघटा प्याली. पदरानं माझं तोंड पुसलं. मग तुझ्या मैदानाच्या दिशेला बघून म्हणाली,

"मामाला सांगू नगं हां मी रडले ते. त्यो लई हळवा हाय. ताईला मी रडिवलं, असं मनाला लावून घेईल. त्याला काय ठावं, त्यानं माझ्यावर किती उपकार केलेत."

मी आठ वर्षांची होते. मी मान हलवली. आणि मग ते माझ्या लक्षातही राहिलं नाही की हे सांगायचं नाही. आपण भांडायचो ते लोकांवरून; त्यात आईचं सांगण्यासारखं आहेच काय, असं मला वाटायचं.

गाडी आली. आईला खिडकीशी जागा मिळाली. शहर मागं पडायच्या आतच तिचे डोळे मिटले आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. बाळू गेल्यापासून मी तिला झोपलेली पाहिली नव्हती; कधीही जाग आली तरी ती अंथरुणावर उठून बसलेली असायची. रस्ता खडबडीत होता, गाडी गचके खात होती, तिचं डोकं जड होतं आणि माझा खांदा केवढा, चिमणीएवढा. आमच्या फाट्यावर कंडक्टरनं घंटी मारली. मी त्याच्याकडं पाहून ओठांवर बोट ठेवलं. त्यानं आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि गाडी सोडायला पुन्हा घंटी मारली. आम्ही पुढच्या गावापर्यंत तशाच गेलो, आणि तिथून उतरून चालत मागं आलो.